जानेवारीचा पगार आणि जवाची पेंढी

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी आधी तो थोडक्यात सांगतो. तुमच्या घरगुती प्रार्थनागटात दोन वर्षांपासून नवे पाळक येतात. त्यांचं म्हणणं असं, की बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या २३व्या अध्यायातले सण ‘यहोवाचे’, म्हणजे देवाचे सण आहेत, नुसते यहुद्यांचे नाहीत, म्हणून ख्रिस्ती माणसाने ते पाळलेच पाहिजेत. वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातल्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाचं, जेवण झालं, सप्टेंबरात शिंग फुंकून झालं, आणि आता जानेवारीचा पूर्ण पगार ‘प्रथमफळ’, म्हणजे पहिल्या पिकाचं अर्पण, म्हणून द्यायचा आहे. नाही दिला तर वर्षभराचा आशीर्वाद अडेल, असं सांगितलंय. घराचा हप्ता चालू आहे, पत्नी नको म्हणते आणि तुम्ही कात्रीत सापडलात. शेवटी वैतागून लिहिलंत: “हे सगळं ख्रिस्तात पूर्ण झालं असेल, तर लेवीय वाचायचंच कशाला?”

सण पाळावेत की नाही, हा तुमचा प्रश्न वरवरचा. आतला प्रश्न मला असा दिसतो: ख्रिस्तानंतरही देवाचं आपल्याकडे काही येणं बाकी आहे का, आणि ते वेळेवर न चुकवल्यास तो हात आखडता घेतो का? ही भीती एकदा मनात बसली की माणूस कोणत्याही सणाचा हप्ता भरायला तयार होतो.

मी पंचवीसेक वर्षं नगर जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांत जुना करार शिकवतोय. तुमचा गट मी पाहिलेला नाही, तुमच्या पाळकांचा हेतूही मला ठाऊक नाही. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. जन्माने यहुदी असलेला ख्रिस्ती माणूस आपल्या आजोबांचा वल्हांडण पाळतो, त्याची गोष्ट वेगळी. मुलांना निर्गमाची कथा कळावी म्हणून बेखमीर भाकरी करून दाखवणं, तेही वेगळं. आणि ‘हे केलंत तरच आशीर्वाद’ ही अट घालणं पूर्ण वेगळं. बाहेरून तिन्ही सारखी दिसतील.

आता लेवीय. आपल्याकडे ‘बळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो नवसाचा बोकड. काहीतरी मागितलं, मिळालं, आता फेडा. नाही फेडलं तर कोप. ही समजूत आपण नकळत बायबलवर चढवतो. लेवीयात अर्पणासाठी असलेला इब्री शब्द ‘कोर्बान’, त्याचं मूळ ‘जवळ येणं’ या क्रियेत आहे. आपण अरबी-फारसीमार्गे उचललेला ‘कुर्बानी’ त्याच कुळातला. म्हणजे पवित्र देवाच्या जवळ अपवित्र माणसाने कसं यायचं, याची रीत तिथे सांगितलेली आहे. आणि ती रीत देवानेच घालून दिलेली. रुसलेल्या देवाची समजूत काढायला माणसाने ती शोधून काढली, असं तिथे नाही.

पहिले सात अध्याय शिकवायचे असले की मी वर्गात एक परात, दोन लिटरचं माप आणि बारीक पीठ घेऊन जातो. एफा हे धान्याचं जुनं इब्री माप, त्याचा दहावा भाग म्हणजे साधारण दोन लिटर, वजनाला सव्वा किलोच्या आसपास. पीठ परातीत ओतायचं, त्यावर तेल, थोडा धूप, मीठ. खमीर नाही, मध नाही. मग एकाला सांगायचं, यातली मूठ भरून बाजूला काढ. ती मूठ वेदीवर जाते, उरलेलं याजकाच्या घरी. हे अन्नार्पण, लेवीय २. एकदा एका पोराने त्या मुठीकडे आणि परातीकडे आळीपाळीने बघत विचारलं, “म्हणजे देवाला एवढंच?” मी म्हटलं, हो, एवढंच, बाकी ज्यांना शेतजमिनीचा वाटा मिळाला नव्हता त्यांच्या पोटात. ज्या वंशातून याजक येत त्या लेव्यांना इस्राएलात इतर वंशांसारखं वतन नव्हतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

शांत्यर्पणाचं गणित याहून मजेचं. त्यात चरबी वेदीवर जाते, ऊर आणि उजवी मांडी याजकाकडे, आणि बाकीचं मांस ज्याने जनावर आणलं त्याच्याच घरी परत. उपकारस्तुतीचं अर्पण असेल तर ते त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही (लेवीय ७:१५). आमच्या वर्गात मटणाच्या दुकानावर बसणारा एकजण होता. त्याने लगेच हिशेब मांडला: “एका बोकडाचं बारा-पंधरा किलो पडतं. घरात पाच माणसं. एका दिवसात संपवायचं तर अख्खी गल्ली बोलवावी लागेल.” मी इतकी वर्षं हा अध्याय शिकवत होतो, पण त्या नियमाचा हा अर्थ मला त्या पोराने दाखवला. उपकार मानायचे तर एकट्याने मानताच येणार नाहीत, अशी सोय त्या नियमातच करून ठेवली आहे.

होमार्पणात कातडं सोडून सगळं जळतं, कातडं याजकाला. ते पूर्ण समर्पण. पापबलीत मात्र माणसाच्या ऐपतीप्रमाणे पायऱ्या उतरत जातात: अभिषिक्त याजकाने चुकून पाप केलं तर गोऱ्हा, अधिपतीने बकरा, सामान्य माणसाने बकरी किंवा मेंढी. तेही परवडत नसेल तर काही पापांसाठी दोन पारवे किंवा होले. तेही नाही? मग तेच एफाचा दहावा भाग पीठ, तेल-धुपाविना (५:११). रक्ताशिवाय क्षमा नाही असं ज्या व्यवस्थेबद्दल आपण म्हणतो, त्याच व्यवस्थेत सगळ्यात गरीब माणसासाठी पिठाची मूठ चालते. मरीया आणि योसेफ यांनी बाळाला मंदिरात नेलं तेव्हा तिच्या शुद्धीकरणासाठी पक्ष्यांचंच अर्पण केलं, म्हणजे ते घर कोणत्या पायरीवर होतं ते लूक सांगून जातो (लूक २:२४).

आणि दोषबली. कुणाची वस्तू लुबाडली, ठेव नाकारली, सापडलेलं परत दिलं नाही, तर आधी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याची त्याला द्यायचा. दहा हजार दाबले असतील तर बारा हजार. मग मेंढा घेऊन वेदीपाशी (६:१-७). येशू वेदीपुढे दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हणतो, ते याच वाटेवरचं आहे. आमच्याकडे भावकीतल्या बांधाचा वाद कोर्टात ठेवून दर रविवारी प्रभुभोजन घेणारी माणसं आहेत. त्यांना मी दुसरं काही सांगत नाही, लेवीय ६ वाचायला देतो.

या अर्पणांची मर्यादाही पंचग्रंथातच, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतच, लिहिलेली आहे. पापबलीचा भर मुख्यतः चुकून, नकळत झालेल्या पापांवर. हात उगारून, मुद्दाम केलेल्या पापासाठी गणना या पुस्तकात (१५:३०) बळी सांगितलेला नाही. दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि त्याला मारवलं, ते असंच. म्हणून स्तोत्र ५१ मध्ये तो म्हणतो की होमार्पण तुला नको, भग्न हृदय हवं. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, महायाजक एका बकऱ्याचं रक्त पडद्यामागे दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, शिंपडी, आणि दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करून त्याला रानात सोडून देई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इब्री लोकांस पत्राचा सगळा युक्तिवाद या ‘पुन्हा’वर उभा आहे: जे दरवर्षी करावं लागतं ते पुरतं झालेलं नाही. येशूने ते एकदाच केलं आणि तो बसला (१०:११-१२). मंदिरातला याजक उभा असे, कारण त्याचं काम संपतच नसे. हे बसणं मला फार मोलाचं वाटतं.

तेव्हा तुमच्या भीतीचं उत्तर इथेच आहे. येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला तो पडदा फाटला आहे, बाकी काही राहिलेलं नाही. लेवीय वाचायचं ते त्या क्रुसावर नेमकं काय काय झालं हे समजायला. समर्पण, भरपाई, शुद्धी, पाप वाहून नेणं, एकत्र जेवण, एवढे धागे त्यात आहेत. ‘येशू माझ्यासाठी मेला’ या एका वाक्यात ते सुटे दिसत नाहीत.

मग अर्पण नावाची गोष्टच संपली का? नाही. नवा करार हाच शब्द वापरत राहतो, पण कशासाठी ते पाहा. रोम १२ मध्ये आपली शरीरं. इब्री १३:१५-१६ मध्ये ओठांनी केलेली स्तुती, परोपकार आणि वाटून घेणं. फिलिप्पै ४:१८ मध्ये तुरुंगातल्या पौलाला मंडळीने पाठवलेली मदत. तिला तो ‘सुगंध’ म्हणतो, लेवीयातलाच शब्द. याजकाला दिलेलं म्हणून देवाच्या दारात जमा झालं, अशी पावती कुठेच नाही.

आता सणांकडे येऊ. लेवीय २३:२ मध्ये ‘यहोवाचे सण’ असं म्हटलंय, हे तुमच्या पाळकांचं खरं आहे. पण तो अध्याय जमिनीला बांधलेला आहे. वल्हांडणाच्या सुमारास त्या देशात जव कापणीला येतो, म्हणून पहिल्या कापणीची एक पेंढी याजकाने ओवाळायची. तिथून पन्नास दिवसांनी गव्हाची कापणी, तेव्हा दोन खमीर घातलेल्या भाकरी. शरद ऋतूत द्राक्षं-जैतुनाचं काम उरकल्यावर सात दिवस मांडवात राहायचं. आमच्या ज्वारीची कापणी फेब्रुवारी-मार्चात होते, आणि पन्नासाव्या दिवसाचा सण येतो तेव्हा आमची शेतं नांगरून पावसाची वाट बघत पडलेली असतात.

आणि ते सण पूर्ण पाळायचे तर कसे, तेही बघा. पंचग्रंथातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (१६:१६) सांगतं की वर्षातून तीनदा सगळ्या पुरुषांनी परमेश्वर निवडील त्या ठिकाणी हजर व्हायचं. गणना २९ प्रमाणे मांडवांच्या सणात पहिल्या दिवशी १३ गोऱ्हे, मग रोज एकेक कमी करत सातव्या दिवशी ७; एकूण ७०. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळल्यावर यहुद्यांनाही हे करता येईना. त्यांनी प्रार्थना, अभ्यास आणि दया यांवर आपला धर्म उभा ठेवला. गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोक आजही वल्हांडणाला मेंढरं कापतात, पण ते सोडले तर जो कोणी ‘आम्ही लेवीयातले सण पाळतो’ म्हणतो तो त्यातून निवडून घेत असतो. निवडायला हरकत नाही. पण निवडलेलं दुसऱ्याला आज्ञा म्हणून लावता येत नाही.

आपल्याच कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल, याचं सुंदर उदाहरण आहेत. मंदिर नाही, याजक नाही, शतकानुशतकं अलिबागच्या आसपास तेल गाळत आणि शब्बाथ पाळत राहिलेली ही माणसं. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. वर्षारंभाला त्यांनी ‘नव्याचा सण’ म्हटलं, एका सणाचं नाव ‘खिरीचा सण’ पडलं. कृतज्ञतेसाठी ते मलिदा करतात: पोहे, खोबरं, गोड, वर फळं, आणि एलिया संदेष्ट्याचं स्मरण. तो मलिदा वाटून खाल्ला जातो. मला तो पाहिला की लेवीयातलं अन्नार्पण आठवतं. पण तो त्यांचा वारसा आहे, पिढ्यांनी जपलेला. आपण उद्या उठून शाल पांघरून शिंग फुंकायला लागलो तर ते त्यांच्या घरातली भांडी न विचारता उचलून आणल्यासारखं होतं. वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाचं, ‘सेदेर’चंही तसंच. आज छापील पुस्तिकेवरून जो क्रम करतात, त्यातला बराचसा मंदिर पडल्यानंतरच्या यहुदी परंपरेत घडला. ‘येशूने नेमकं हेच केलं’ असं म्हणत तो करणं इतिहासाला धरून नाही.

पाळण्याच्या सक्तीबद्दल नवा करार स्पष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये अन्यजातींतल्या विश्वासणाऱ्यांवर हे ओझं घातलं नाही. कलस्सै २:१६-१७ मध्ये पौल म्हणतो, सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये. ती छाया आहे, शरीर ख्रिस्ताचं. आणि रोम १४ मध्ये एकजण एक दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, दोघांनीही आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी. पौल दोघांचेही हात मोकळे ठेवतो. तुमच्या गटात एका हाताला दोरी बांधली आहे.

शिंगांच्या सणावरून येशू कोणत्या सप्टेंबरात परत येणार याचे हिशेब मांडणारे व्हिडिओ मलाही दरवर्षी येतात. वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त, प्रथमफळ त्याचं पुनरुत्थान, पन्नासाव्या दिवशी आत्मा, हे नव्या करारातच आहे. शरदातल्या सणांना तारीख लावणं मात्र नव्या करारात कुठेही नाही. एवढंच, यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता तुमचा पगार. प्रथमफळ म्हणजे लेवीय २३:१० मध्ये एक पेंढी. जवाचा अख्खा खळा नव्हे, महिन्याचं पीकही नव्हे. एक पेंढी, तीही ओवाळायची. शिवाय इस्राएलाचा पहिला महिना वसंतात येतो. जानेवारीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. तो आला कंपनीच्या कॅलेंडरमधून. अनुवाद २६ मध्ये प्रथमफळाची टोपली नेण्याचा विधी दिला आहे: टोपलीत काय आणि किती, याचं माप नाही. माणूस टोपली ठेवतो, ‘माझा मूळ पुरुष भटका अरामी होता’ इथून सुरू करून गुलामगिरीची गोष्ट सांगतो, आणि मग लेवी व परदेशी यांच्यासोबत आनंद करतो. लगेच पुढे, तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, परका, पोरका आणि विधवा यांना वेशीच्या आत पोट भरून मिळावा म्हणून.

लेवीय २३ मध्येच एक ओळ आहे जी सणांची यादी सांगणारे हमखास गाळतात. पन्नासाव्या दिवसाचे सगळे बळी मोजून झाल्यावर, शिंगांच्या सणाआधी, मध्येच बावीसावं वचन येतं: पीक कापताना शेताचे कोपरे साफ करू नकोस, सरवा वेचू नकोस, ते गरिबांना आणि उपऱ्यांना सोड. विधींच्या यादीत हे काय करतंय? माझ्या मते ते मुद्दाम तिथे आहे. मवाबातून आलेली विधवा रूथ याच सरव्यावर जगली.

मी हे पुस्तकातून शिकलो असं म्हणवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या हंगामाच्या सणाला लिलावाचा माइक माझ्याकडे होता. तुम्हाला प्रकार ठाऊक असेल: लोक शेतातलं आणतात, उपासनेनंतर वेदीसमोरच बोली लागते. एक दुधीभोपळा हौसेने अकराशेला गेला, सोयाबीनच्या पोत्यावर टाळ्या पडल्या. मग रुमालात बांधलेली चार अंडी आली, मजुरीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंची. मी माइकवर म्हणून गेलो, “चार अंडी, किरकोळ आहे, बोला पटकन.” लोक हसले. वीस रुपयाला गेली. पुढच्या आठवड्यात वर्गात लेवीय ५:११ होतं, परात समोर होती, आणि पीठ ओतता ओतता माझा हात थांबला. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा टाकला आणि विषय पावसावर नेला. त्यानंतर आमच्याकडे नावं आणि रकमा माइकवरून सांगणं बंद झालं. आलेल्या धान्या-भाजीतलं निम्मं त्याच दिवशी शिजतं आणि सगळे एकत्र पंगतीला बसतात, बाहेरून आलेले ऊसतोड कामगारसुद्धा. लिलाव उरलेल्याचा.

तर माझा सल्ला असा. वल्हांडणाच्या जेवणाला बोलावलं आणि मन मानत असेल तर जा, शिका. आशीर्वादाची अट म्हणून काहीही करू नका. पत्नीचं ‘नको’ हे अविश्वासाचं लक्षण धरू नका. घराचा हप्ता बुडवून दिलेलं दान बँकेचं देणं बुडवून दिलेलं असतं, आणि दोषबलीचा अध्याय त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. द्यायचंच आहे तर दोघांनी बसून आकडा ठरवा, आनंदाने सुटेल एवढाच. आणि पाळकांशी वाद घालण्याऐवजी, सगळ्यांसमोर नव्हे, एकट्यात, एवढं विचारा: गेल्या जानेवारीत जमलेल्या पगारांपैकी विधवांच्या, पोरक्यांच्या, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या घरी किती गेलं? उत्तर काय येतं ते मलाही कळवा.